डावा, उजवा आणि आमची भावकी

राज्यशास्त्राचे एक तरुण अभ्यासक दोनेक वर्षांपूर्वी पुण्याहून आमच्या गावी आले होते. त्यांच्या हातात छापील प्रश्नावली होती, आणि लोकशाहीविषयीचे ग्रंथ पुष्कळ वाचलेल्या व लोकशाहीशी प्रत्यक्ष व्यवहार फारसा न पडलेल्या माणसाच्या मुद्रेवर जो एक निरागस विश्वास असतो, तो त्यांच्या मुद्रेवर होता. चावडीच्या ओट्यावर बसलेल्या आमच्या धाकट्या चुलत्यांना, ज्यांना सारा गाव आप्पा म्हणतो, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला : "आपला गाव साधारणपणे डावीकडे झुकलेला आहे की उजवीकडे?" आप्पांनी तळहातावरची तंबाखू सावकाश मळली, चुना झटकला आणि म्हणाले, "साहेब, डावा जरा ओढाळ हाय. उजवा गरीब. पण जुपताना त्यांची जागा बदलू नका. बदलली की दोघंबी अडत्यात." अभ्यासकाने हे शब्दशः टिपून घेतले. आप्पा बैलांविषयी बोलत होते हे अभ्यासकाच्या ध्यानी आले नाही, आणि अभ्यासक पक्षांविषयी विचारीत होता हे आप्पांच्या ध्यानी आले नाही, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. तिच्यातल्या दुसऱ्या भागाविषयी मी आता जामीन राहणार नाही.

गावाचे नाव सांगण्याची माझी तयारी नाही. कारण माझे नाव अद्याप त्याच गावच्या मतदारयादीत आहे आणि पुढल्या निवडणुकीलाही तिथे उजळ माथ्याने पाऊल ठेवता यावे अशी इच्छा आहे. एवढेच सांगतो की, चाकणच्या आंबेठाण चौकात ट्रेलरांच्या रांगेमागे पाऊण तास सक्तीचे आत्मचिंतन करून पश्चिमेच्या अंगाला वळले, म्हणजे एका हाताला मोटारींचे कारखाने आणि दुसऱ्या हाताला कांद्याची वावरे लागतात, आणि ही दोन्ही पिके एकाच सातबाऱ्यावर निघाल्यामुळे ज्याच्या दारात एकेकाळी बैलजोडी होती त्याच्या दारात आता पांढरी उंच मोटार, एक जेसीबी आणि हौसेखातर पुन्हा बैलजोडीच उभी दिसते. मी पिंपरीच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात पस्तीस वर्षे काढून निवृत्त झालो आणि निगडीच्या प्राधिकरणात राहतो. आमच्या सोसायटीतली मंडळी मतदानाच्या सुटीला लोणावळ्यास जातात. गावी त्याच दिवशी माणसे लोणावळ्याहून, नाशिकहून, सासरहून आणि एकदा तर इस्पितळातून, हाताला सलाईनची सुई तशीच ठेवून, मत देण्यासाठी आलेली मी पाहिली आहेत.

मात्र हा उत्साह सर्व निवडणुकांना सारखा वाटलेला नसतो. लोकसभेला गाव जेमतेम निम्मा बाहेर पडतो, विधानसभेला त्याहून बरा, आणि ग्रामपंचायतीला घरात मागे राहतात ते फक्त अठरा वर्षांखालचे नागरिक आणि कुत्री. शहरातल्या मंडळींना हे उफराटे वाटते, कारण युद्ध आणि शांतता, चलन आणि परराष्ट्रव्यवहार हे विषय दिल्लीत ठरतात असे त्यांनी वाचलेले असते. आमच्याकडे युद्ध आणि शांतता हे दोन्ही विषय बांधावर ठरतात. लोकसभेत पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी कोठे असतो हे गावाला ठाऊक नसते; ग्रामपंचायतीत पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी सकाळी सार्वजनिक नळावर, आपल्याच मागे, हंडा घेऊन उभा असतो.

आता चिन्हांचा मासला पाहा. आप्पांनी पहिले मत १९६२ साली बैलजोडीला दिले. आणि त्या काळी शेतकऱ्याने दारच्या बैलांना डावलून अन्य कोणास मत द्यावे हा विचारच अधर्म्य वाटे, असे ते सांगतात. पुढे पक्ष फुटला, बैलजोडी गोठवली गेली, १९७१ साली तिच्या जागी गाय-वासरू आले, मग तेही जाऊन हाताचा पंजा आला. आणि आप्पांनी, खिल्लार जाऊन गावठी आली तरी गोठा तोच, अशा भावनेने प्रत्येकाला दाणावैरण घातली. १९९९ साली त्या गोठ्याशेजारीच घड्याळ लागले. येथपर्यंत हिशेब सोपा होता. खरी तारांबळ उडाली ती आमच्या काकूंची. आमचा लोकसभा मतदारसंघ पूर्वी खेड म्हणून ओळखला जाई, २००९ पासून तो शिरूर झाला. २००४ पासून सलग तीन वेळा येथून शिवाजीराव आढळराव पाटील धनुष्यबाणावर निवडून आले. २०१९ साली, दूरचित्रवाणी मालिकांत छत्रपती शिवाजी महाराज व संभाजी महाराज साकारून घरोघर पोहोचलेल्या आणि स्वतः पूर्वी धनुष्यबाणाच्याच घरात असलेल्या डॉ. अमोल कोल्हे यांनी घड्याळावर त्यांचा पराभव केला. काकूंनी त्या साली मालिकेच्या पुण्याईवर घड्याळाला मत दिले होते. मग २०२४ साल उजाडले, पक्षांच्या वाटण्या झाल्या, निवडणूक आयोगाने घड्याळ एका वाटेकऱ्याच्या पदरी घातले, दुसऱ्याला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. आणि निवडणुकीत पाहतात तो डॉ. कोल्हे तुतारी घेऊन उभे, आणि घड्याळ साक्षात आढळरावांच्या हाती! म्हणजे काकूंनी ज्या चिन्हावर शिक्का मारून ज्यांना पाडले, तेच गृहस्थ तेच चिन्ह घेऊन दारात नमस्कार करीत होते. काकूंनी उंबऱ्यावर त्यांच्या कार्यकर्त्याला चहा दिला, पत्रक देवळीत ठेवले आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "चिन्ह काय, बोहारणीकडची भांडी हायेत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी." काकूंनी मत कोणास दिले ते त्यांनी काकांनाही सांगितले नाही. डॉ. कोल्हे निवडून आले हे सर्वश्रुत आहे.

या परिसरात सर्व पक्षांना मान्य असा एकच जाहीरनामा झाला, तो बैलगाडा शर्यतीचा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. मधली साडेसात वर्षे जो जो उमेदवार आमच्याकडे मत मागावयास आला, तो तो रस्ता, पाणी, वीज हे विषय उरकते घेऊन शर्यतीच्या घाटाच्या विषयावर मात्र कंठ दाटून बोलला. बंदी उठल्यावर निमगावच्या घाटात प्रत्यक्ष खासदारांनी बाऱ्यांपुढे घोडीवर मांड ठोकली, आणि गावोगावच्या मतदारांनी त्या बैठकीचे जेवढ्या बारकाईने परीक्षण केले तेवढे संसदेतल्या कोणत्याही भाषणाचे केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

परंतु राजकीय पक्षांची खरी अधिवेशने आमच्या तालुक्यात भरतात ती नदीकाठी, सकाळी आठ वाजता, दशक्रियेच्या निमित्ताने. परमुलखातल्या वाचकास हे सांगून पटणार नाही म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. घाटावर एका अंगाला घरची मंडळी मुंडन करून पिंडापाशी बसलेली असतात; दुसऱ्या अंगाला मंडपात सतरंज्यांवर सारा गाव, सोयरेधायरे आणि पंचक्रोशी; महाराजांचे प्रवचन चाललेले असते, ज्यात नरदेहाचे क्षणभंगुरत्व सांगून होईतो पांढऱ्या मोटारी एकामागून एक येऊन लागतात. प्रवचन संपले की ध्वनिक्षेपक सूत्रसंचालकाच्या हाती जातो आणि श्रद्धांजलीस आरंभ होतो : प्रथम सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, मग पंचायत समितीचे, जिल्हा परिषदेचे, बाजार समितीचे, बँकेचे, आजी, माजी आणि भावी. प्रत्येकजण सांगतो की, कैलासवासी आपणास वडिलांच्या ठायी होते. मयत गृहस्थाने हयातीत या पुत्रांपैकी निम्म्यांना पाहिलेलेही नसते. मुहूर्ताच्या दिवसांत आमचे एक पुढारी एका सकाळी चार घाट करतात, आणि चौथ्या घाटावर कधी कधी तिसऱ्या घाटावरच्या मयताचे नाव घेतात. तरी लोक रागावत नाहीत, कारण नाव चुकले तरी हजेरी लागलेली असते. लग्नाला न आलेला पुढारी क्षम्य आहे. पत्रिकेत त्याचे नाव 'प्रमुख उपस्थिती'त छापलेले असते तेवढ्याने भागते. दशक्रियेला न आलेला पुढारी मात्र त्या घरातून गेला म्हणून समजावे, आणि घर म्हणजे नऊ मते, चुलत धरून एकवीस.

एके वर्षी कावळा पिंडाला शिवेना. मंडळी ताटकळली, उन्हे चढली, "काही इच्छा राहिली असंल" म्हणून थोरल्याने शेताचा, धाकट्याने आईचा आणि जावयाने, फारसा अधिकार नसताना, सर्वांचाच सांभाळ करण्याचा शब्द दिला. कावळा समोरच्या बाभळीवर ढिम्म बसून. अखेरीस एक इच्छुक उमेदवार पुढे झाले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तात्या, तुमच्या वस्तीचा रस्ता काँक्रीटचा करीन!" कावळा उतरला. तो रस्त्यासाठी उतरला की माणूस पाठमोरा झाला म्हणून उतरला, याविषयी गावात अजून दोन तट आहेत; पण रस्ता झाला, आणि उमेदवार त्या प्रभागातून निवडून आला.

हे सर्व ज्या दप्तरी नोंदलेले असते ते दप्तर म्हणजे आप्पांची वही. सोसायटीच्या एका जुन्या खातेवहीची मागली कोरी पाने त्यांनी या कामी योजली आहेत. घरटी एक ओळ आणि ओळीपुढे रकाने : भावकी, सोयरीक, बांध, दशक्रिया, ठेका. वर्तमानपत्रवाले जातीचा एक रकाना करतात आणि हात टेकतात. आप्पांच्या मते तो रकाना लोकसभेपुरता ठीक आहे. ग्रामपंचायतीला गावातले निम्मे उमेदवार एकाच आडनावाचे, एकाच पूर्वजाचे आणि एकाच वाड्याच्या पडक्या भिंतीचे वाटेकरी असतात, तेव्हा जात काय सांगणार? तेथे बांध बोलतो. १९८६ साली आमच्या वरच्या आळीतल्या एका खातेदाराने शेजाऱ्याचा हातभर बांध कोरला. त्या प्रकरणी मोजणी झाली, हरकत झाली, तालुक्याला खेटे झाले, मूळ वादी-प्रतिवादी दोघेही निवर्तले, पुढे ते वावरच कारखान्यासाठी संपादित होऊन बांध, हात आणि हद्द ही सर्व एका कंपनीच्या वाहनतळाखाली गेली. तरी त्या दोन घरांची मते आजतागायत एका पेटीत पडलेली नाहीत. त्यांची नातवंडे त्याच कंपनीत एकाच पाळीला कामाला जातात, एका बसने येतात आणि परस्परविरुद्ध मतदान करतात.

ठेक्याचा रकाना मात्र नवा आहे. पूर्वी पंचायत म्हणजे दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद आणि कोंडवाडा. कारखाने येऊ लागले, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांचे प्रकल्प चाकणला सुरू झाले, त्यांच्यामागून सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने पसरले, आणि बघता बघता सरपंचपदाला असे मोल चढले की आमच्या आजोबांच्या पाटीलकीला कधी चढले नसेल. पाण्याचे टँकर, कामगारांच्या बसगाड्या, खानावळ, माळीकाम, मजूर पुरवणे अशी नाना खाती निघाली. पण या मंत्रिमंडळातले सर्वात मातब्बर खाते म्हणजे भंगार. दिल्लीत गृह आणि अर्थ या खात्यांसाठी जी ओढाताण चालते ती आमच्याकडे भंगारासाठी चालते. याच चाकणच्या भुईकोटात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे पन्नासहून अधिक दिवस तग धरला होता. भंगाराच्या एका ठेक्यावरचा वेढा त्याहून अधिक काळ चालल्याचे मी पाहिले आहे, आणि तोही रसद न तुटता.

कारखान्यांबरोबर माणसे आली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, उत्तर प्रदेश येथली पोरे गावकऱ्यांनी ओळीने बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांतून राहू लागली. त्यांतल्या काहींची नावे यादीत चढली, आणि 'ज्याच्या खोल्या त्याची मते' असा एक नवा वतनी हक्क उत्पन्न झाला. एका प्रचारफेरीत आमच्या पुतण्याने एका खोलीपुढे उभे राहून "भैया, अपना चिन्ह कपबशी है, कपबशी ध्यान में रखनेका," असे तळमळून सांगितले. आतून उत्तर आले, "दादा, आम्ही लातूरचे." पुतण्या ओशाळला नाही. तो म्हणाला, "मग तर घरचेच!"

ज्या निवडणुकीमुळे हे लिहिण्यास बसलो ती १५ जानेवारी २०२१ ची. साथीचे दिवस होते, उमेदवारांच्या तोंडाला मुसकी होती. एरवी जी मुसकी बैलांना पिकात तोंड घालू नये म्हणून बांधतात ती पुढाऱ्यांना बांधलेली पाहून आप्पांना मनस्वी समाधान वाटले. पॅनेले दोन. दोघांनीही भैरवनाथाचेच नाव घेतलेले, एकाने पुढे 'विकास' लावलेला, दुसऱ्याने 'परिवर्तन'. ज्यांनी दहा वर्षे सत्ता भोगली होती ते परिवर्तनवाले. अर्जासोबत घरी शौचालय असल्याचा दाखला जोडावा लागतो. सात मोटारींच्या एका धन्याची त्या दाखल्यापायी जी धावपळ झाली ती सांगण्याजोगी आहे, पण तो अखेर निवडून आला असल्याने सांगत नाही.

मतदानाआधी दोन्ही पॅनेलांनी माणसे देवळात नेऊन नारळावर हात ठेवून शपथा घेववल्या. काकूंनी दोन्हीकडे हात ठेवला. मी धर्मभीरू स्वरात विचारले, "काकू, देवापुढे हे कसे?" त्यांनी माझ्याकडे, शिकलेल्या माणसाकडे पाहतात तशा करुणेने पाहिले. आमच्या प्रभागात जागा तीन, म्हणून प्रत्येक मतदाराला मते तीन. "दोन ह्यांना, एक त्यांना. त्यांनी 'मत द्या' म्हणून शपथ घातली, 'सगळी द्या' म्हणून नाही," असे त्या म्हणाल्या. पुष्कळ वकील या युक्तिवादापाशी सहज पोचले नसते. रात्री दोन्ही मंडपांत पंगती उठत होत्या. मी एक अलिप्त निरीक्षक या नात्याने ग्रामीण समाजरचनेचा अभ्यास करण्यास्तव दोन्हीकडे चक्कर टाकली. रस्सा विकासवाल्यांचा सरस होता, भाकरी परिवर्तनवाल्यांची.

१८ जानेवारीला मोजणी झाली. अकरांपैकी सात विकासकडे, चार परिवर्तनकडे. जेसीबीच्या सोंडेतून गुलाल उधळला गेला, रस्ता, म्हशी आणि पोलीसपाटील एकाच रंगाचे झाले. विजयी सात जणांना, लोकशाहीला नजर लागू नये म्हणून, त्याच रात्री महाबळेश्वरास हलवण्यात आले. परंतु त्या खेपेस सरकारने एक अजब व्यवस्था केली होती. सरपंच थेट लोकांनी निवडण्याची २०१७ ची पद्धत २०२० मध्ये रद्द झाली होती (२०२२ मध्ये ती पुन्हा आली, गावाने तीही सोसली), आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानाआधी काढण्याऐवजी मतदानानंतर काढावी असे ठरले होते. म्हणजे वरात निघाली, जेवणे उठली, आणि नवरदेव कोण ते चिठ्ठी टाकून ठरायचे. तालुक्याच्या ठिकाणी एका लहान मुलीने बरणीत हात घालून आमच्या गावची चिठ्ठी काढली : नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला. महाबळेश्वरी सात जणांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांच्यात तशी एकही बाई नव्हती. त्या प्रवर्गाची महिला सदस्य साऱ्या पंचायतीत एकच, आणि ती परिवर्तनवाली.

महाबळेश्वरची गाडी त्याच दुपारी परत फिरली. पण आता कोणाला कोठे लपवायचे? विकासवाल्यांची शाल-नारळ घेतलेली मंडळी संध्याकाळी त्या एकुलत्या सदस्य वहिनींच्या दारी पोचली, तेव्हा परिवर्तनवाले आधीच ओसरीवर बसून होते आणि वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. दोन्ही पक्षांनी वहिनींच्या यजमानांशी तीन तास मसलत केली. अकरा वाजता वहिनी बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "ठरलं का तुमचं? सरपंच मी होणार हाय ना?" त्या बिनविरोध निवडून आल्या. गुलाल दुसऱ्यांदा उधळला, या खेपेला दोन्हीकडच्या जेसीबींनी, आणि पहिल्या मासिक सभेत वहिनींनी यजमानांसाठी मांडलेली खुर्ची शिपायाकरवी उचलून व्हरांड्यात ठेववली.

त्यानंतरच्या रविवारी मी आप्पांकडे गेलो. त्यांचे भाकीत सात-चार असेच होते, एका जागेचाही फरक नव्हता. विधानसभेच्या वेळी वृत्तवाहिन्यांवर आकडे फेकणाऱ्या विद्वानांना ही वही दाखवावी असे मला फार वाटले. पुष्कळ आर्जव केल्यावर त्यांनी ती माझ्या हाती दिली. मी पाने उलटीत आमच्या वाड्यापाशी आलो. काकूंच्या ओळीपुढे लिहिले होते, 'दोन-एक'. तिच्याखालची ओळ माझी होती. भावकी, सोयरीक, बांध, दशक्रिया, ठेका हे सर्व रकाने कोरे, आणि शेवटी आप्पांच्या ठसठशीत बाळबोध अक्षरात : 'निगडीवाला. दोन्हीकडे जेवला.'